खिडकीचा तास

कृष्णराव सरांना कळेना, पोरं मुकी का झाली. संक्रांतीपर्यंत आंधळगावची हीच सातवीची पोरं इंग्रजी बोलत होती. मोडकंतोडकं, पण बोलत होती. आता सरांनी डस्टर उचलून "व्हॉट इज धिस?" विचारलं, की सगळ्यांच्या माना खाली.

हेडमास्तरांनी बजावलं होतं, सोमवारी येऊन बघतो. पोरं बोलली नाहीत तर हा तास गणिताला.

सरांनी रागावून पाहिलं, गोळ्या वाटून पाहिल्या. काही उपयोग नाही. आणि एवढ्या उकाड्यात वर्गाची खिडकी कायम बंद. सर उघडत, पाठ फिरली की कोणीतरी लावून घेई.

"धुरपता, खिडकी काहून लावली वं?"

"हवा येते, सर."

"मंग हवेसाठीच तं खिडकी असते ना?"

धुरपता खाली वाकून दप्तर आवरू लागली.

सुट्टीत त्यांनी धनीराम शिपायाला विचारलं, "पोट्टे बोलून काहून नाही राहिले?"

"कायले बोलतीन, सर? खिडकीसमोर तुमचं घर. बाई अंगणात काय करून राहिल्या, थेच तं तुम्ही इंग्रजीत विचारत होते. आता घरच्यायनं सांगतलं, सरापुढे बाईचा विषय काढू नका."

सरांना आठवलं. खरंच, त्यांची बायको गोदावरीबाई सडा टाकायची, तांदूळ पाखडायची, आणि वर्ग ते इंग्रजीत सांगायचा. ती वारली त्याला दोन महिने झाले. तिच्याबरोबर तासही गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता काय शिकवावं?

सोमवारी हेडमास्तर मागच्या बाकावर बसले. सरांनी खिडकी उघडली. समोर कुलूप लावलेलं दार.

"व्हॉट डू यू सी?"

कोणी बोलेना. सर वर्गातून बाहेर पडले. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घराचं कुलूप काढलं, सुपात तांदूळ घेतले, दारात बसून पाखडू लागले.

शाळेच्या खिडकीतून आवाज आला, "ही इज क्लीनिंग राइस!"

"नो, नो! राइस इज फॉलिंग!"

हसण्याचा गलका उठला. त्यात धुरपता ओरडली, "सर, स्लो! स्लो! बाई स्लो करत होत्या!"

सरांचे हात थांबले. मग ते हळू पाखडू लागले. आपल्याला हसू येतंय की रडू, त्यांना उमगेना. सांडलेल्या तांदळावर शेजारच्या कोंबड्या धावून आल्या.

"हेन्स आर ईटिंग!" सगळा वर्ग ओरडला. त्यात एक आवाज जाडा होता. हेडमास्तरांचा असावा.