गिटारीबद्दल दादाचं मत

"लाकूड मरत नाही, वहिनी! वाजवणारा मरतो, ऐकणारे तर आधीच उठून गेलेले असतात. पण लाकूड अमर आहे!"

धाकट्याने एक बोट छताकडे करून हे जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्याच्या बुडाखालच्या स्टुलाचा पाय मोडला. स्टूल त्याने स्वतःच्या हातांनी बनवलेलं होतं. वहिनींनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या दिराकडे. कुणाला जास्त लागलंय याचा अंदाज येईना, म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

धाकटा तंतुवाद्यं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान दातांच्या दवाखान्याला लागून होतं. तिकडच्या किंकाळ्या भिंतीतून इकडे येत, आणि नवं गिऱ्हाईक दारातच थबकून विचारी, "आत काय चाललंय?" धाकटा म्हणे, "सूर लावतोय." पण हात चांगला होता. शहरातले अर्धे वाजवणारे त्याच्याकडे येत. फक्त एक वाजवणारा कधी आला नाही. तो म्हणजे त्याचा सख्खा भाऊ.

दादाने उभा जन्म मोठ्या हॉटेलांत, लोक जेवत असताना, गिटार वाजवली. गिटार त्याच्या वयाहून जुनी. पातळ, मधाच्या रंगाची. तिचं काही बिनसलं की दादा पूल ओलांडून पलीकडच्या एका कारागिराकडे जायचा. आणि जायचा तोही धाकट्याच्या दुकानावरून, गिटार खांद्याला लावून, मान ताठ ठेवून. एकदा धाकट्याने विचारलंच. दादा म्हणाला, "तुझी बोटं खिळे ठोकायची आहेत रे. ही नाजूक आहे." झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं दोघे भाऊ भेटले की हवापाण्याविषयी बोलत. हवा कधी वाईट निघाली नाही.

मग दादा एके दिवशी न्हाणीघरात पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिले दोन डोळे आणि डावा हात. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं, कळतंही असेल. बोलतील की नाही, सांगता येत नाही." डॉक्टरांना जे सांगता येत नाही ते सांगायला नातेवाईक असतातच.

पहिल्याच भेटीत धाकट्याने दादाचा डावा हात पाहिला. बोटं चादरीवर वळत होती, दाबत होती, खाली सरकत होती, पुन्हा वळत होती.

"वहिनी, इकडे या! वाजवतोय तो!"

"काय?"

"बोटं बघा ना! डाव्या हातानेच तारा दाबतात. ही पकड बघा, आता खाली सरकला... अहो, जेवणाची वेळ संपत आली की वाजवायचा ना, ते चाललंय!"

वहिनी ढसाढसा रडल्या. त्या दिवसापासून पाहुण्यांना आधी पाणी मिळे आणि मग दादाचं वादन. माणसं पलंगाशी बसून चादरीकडे बघत माना डोलवत. शेजारच्या काकांनी तर एकदा फर्माईशही केली. ती पुरी झाली असंही त्यांनी बाहेर सांगितलं. दादा सगळ्यांकडे टक लावून बघायचा. लोक म्हणत, डोळ्यांत काय समाधी आहे!

गिटार विकायची हे वहिनींनी ठरवलं होतं. दादाला कुशीवर वळवता वळवता त्यांचीच कंबर गेली होती, आणि दिवसभर बाई ठेवायची तर विकण्याजोगं घरात दुसरं काही नव्हतं.

"विकू," धाकटा म्हणाला, "पण अशी नाही. आधी मी तिला उभी करतो. एकदा त्याच्यासमोर वाजवतो. मग न्या."

"भावजी, त्यांना काय कळणार आता?"

"मला कळेल."

खरं सांगायचं तर त्याला दादाकडून एकच गोष्ट हवी होती: बरं झालंय. तोंडाने नाही म्हणता आलं तर डोळ्यांनी. दोन्ही नाही तर एका पापणीवरही त्याने भागवून घेतलं असतं.

त्याने गिटार दुकानात नेली, आत बारका दिवा सोडला आणि छोट्या आरशात पाहिलं. पुलापलीकडच्या कारागिराने आतल्या पट्ट्यांवर सरस नुसता ओतला होता, मेणबत्तीसारखे ओघळ. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतून तर चक्क दोन स्क्रू आरपार मारले होते. धाकट्याला इतका आनंद झाला की त्याने दवाखान्यात जाऊन दातांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. "बघा! खिळे कोण ठोकतंय, बघा!" डॉक्टरने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रूट कॅनल करावं लागेल."

संध्याकाळी मात्र आनंद उतरला. गिटारीची मान वाकली होती, तारा उंच गेल्या होत्या. एवढ्या उंच तारा दाबत दादा वर्षानुवर्षं वाजवत राहिला होता, बोटं सोलवटून घेत, पण धाकट्याच्या दुकानाची पायरी चढला नाही.

धाकट्याने किटलीची वाफ बारीक नळीने सांध्यात सोडून मान मोकळी केली, कोन सुधारला, परत बसवली. स्क्रू काढून भोकं त्याच जातीच्या लाकडाने बुजवली. समोरच्या फळीवरचा तडा असा सांधला की बोटालाही लागू नये. फक्त हाताने घासून पॉलिश गेलेली एक जागा होती, तिथे त्याने फडकंसुद्धा फिरवलं नाही. ती दादाची होती.

गिऱ्हाईक वहिनींनी शोधलं: हॉटेलं सजवून देणारा एक गृहस्थ. सौदा दादाच्या खोलीतच व्हायचा, अशी धाकट्याची अट. पलंगाशी बसून त्याने दादाची ती जेवण संपतानाची धून वाजवली. वाजवणं यथातथाच, पण गिटार अशी बोलली की सजावटवाल्याने मोबाइल खिशात ठेवला. दादाची बोटं चादरीवर वेड्यासारखी फिरू लागली. डोळ्यांतून पाणी आलं.

"नको म्हणतोय विकायला," धाकटा पुटपुटला.

"द्या म्हणताहेत," वहिनी म्हणाल्या.

"भाव कमी वाटतोय का त्यांना?" सजावटवाल्याने विचारलं. मग घसा साफ करून म्हणाला, "तारा तेवढ्या काढून द्या. लॉबीत येणारी पोरं छेडतात. आणि भिंतीवर लावताना मागून दोन स्क्रू चालतील ना?"

धाकटा गिटार पोटाशी धरून उठला. "नाही द्यायची."

"भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्याच्याने आता यांना उचलवत नाही हो."

धाकटा खाली बसला. एकेक तार सैल करून त्याने उतरवली, गुंडाळली, खिशात घातली. दादाकडे न बघता त्याने गिटार सजावटवाल्याच्या हातात दिली. ती घेऊन सजावटवाला जिना उतरू लागला.

आणि दादाच्या घशातून आवाज आला.

"थांबा!" धाकटा जिन्याकडे धावला. "थांबा हो! दादा बोलतोय!"

सजावटवाला गिटारीसकट वर आला. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. धाकट्याने गिटार हिसकून दादाच्या डोळ्यांसमोर धरली, फळीवरची ती घासलेली जागा त्याला दिसेल अशी.

"बोल दादा. कशी झालीय? एवढंच सांग."

दादाने गिटारीकडे पाहिलंच नाही. त्याची नजर धाकट्याच्या बोटांवर होती, त्या खिळे ठोकणाऱ्या, जाड नखांच्या बोटांवर. डावा हात चादरीवर पुन्हा वळला, दाबला, खाली सरकला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"खाजव," दादा म्हणाला. "पाठ... खाजव रे जरा."