मोठीची ओळ

विंगेत आल्या आल्या तिनं भिंतीला हात टेकला आणि खोकून खोकून घशातला कागद एकदाचा बाहेर काढला. नखाएवढा, सोनेरी. शेवटच्या कडव्याला स्टेजच्या दोन्ही बाजूंनी मशीनमधून चमकीचे कागद उडवायची पद्धत होती. आज कुणीतरी मशीनचं तोंड वर करायचं सोडून सरळ पुढे केलं होतं. शेवटच्या ओळीसाठी तिनं आ वासला आणि एक कागद थेट घशात जाऊन बसला. सगळी ओळ गेली. प्रेक्षकांकडे पाठ करून ती नुसती खोकत राहिली. नाकातोंडातून पाणी, काजळ गालांवर.

"मेले ग," ती म्हणाली. "ओळ गिळली मी आज. शब्दशः गिळली."

मधलीनं पाण्याची बाटली पुढे केली. धाकटी बुटांचे बंद सोडायला खाली बसली ती वर बघेचना.

कार्यक्रम एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचा होता, दुपारचा. कारखान्याचे मोठे साहेब बायकोला घेऊन विंगेत आले.

"ताई, काय गायलात! शेवटच्या ओळीला तर अंगावर काटा आला. आणि ती पाठ करून उभं राहायची कल्पना कुणाची?"

हा टोमणा आहे असंच तिला वाटलं. पण साहेबांच्या बायकोचे डोळे खरोखरच ओले होते.

"खांदे असे हलत होते तुमचे," बाई म्हणाल्या, "रडताय असं वाटत होतं. आणि आवाज मात्र कसा स्वच्छ! कसं जमतं हो?"

"अहो, खांदे हलत होते कारण मी…"

"ताई दमल्यात," मधली घाईनं मध्ये पडली. "फोटो काढू या ना? चला, उजेडात चला."

फोटो काढले. ती मधोमध उभी राहिली आणि सवयीनं हसलीही. पण घशात कागद अडकलेल्या माणसाचा आवाज स्वच्छ कसा येईल?

त्यांचा ग्रुप तिघींचा. नावं मोठी, मधली आणि धाकटी, आणि ती नावं माणसांची नव्हती, जागांची होती. एक जण गेली की बाकीच्या एकेक घर पुढे सरकायच्या आणि नवी मुलगी धाकटी म्हणून यायची. ही आली तेव्हा नुकतीच कॉलेजात गेली होती. त्या वेळच्या मोठीनं तिला विचारलं होतं, "नाचता येतं का?" ती म्हणाली, "नाही, गाता येतं." त्यावर मोठी खूप हसली होती. पुढे ती मोठी लग्न करून परदेशी गेली. तिच्यानंतरची भांडून गेली. एकीला वर्षभरातच गुडघ्यानं घरी बसवलं. ही मात्र टिकली. सरकत सरकत मोठी झाली आणि मोठी म्हणूनच राहिली. त्यांचं एकच गाणं घरोघरी पोचलं होतं. रिक्षात, लग्नात, दाढी करायच्या दुकानात, कुठेही वाजायचं. त्यातली शेवटची लांब ओळ मोठीची. मूळ रेकॉर्डवर ती हिनंच गायली होती. बाकी मुली आल्या नि गेल्या. लोकांना त्या ओळीशी मतलब होता.

तीन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. महिनेच्या महिने ती पाटीवर लिहून नवऱ्याशी बोलली. "दळण आण" असं लिहिलं तरी तो ते मोठ्यानं वाचायचा, आणि दोघं हसायची, ती आवाज न करता. मग डॉक्टरांनी गायला परवानगी दिली आणि ती परत उभी राहिली. पहिल्याच कार्यक्रमाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येऊन तिनं चपलाही काढल्या नव्हत्या. "लागला रे," ती नवऱ्याला म्हणाली होती, "लागला सूर. परत आला."

कारखान्याच्या हॉलमध्ये आता खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं. मागच्या बाजूला साउंडवाले मामा वायरी गुंडाळत होते. ग्रुपच्या जन्मापासून साउंड त्यांचाच. सगळ्या त्यांना मामाच म्हणायच्या.

"मामा, आवराआवर थांबवा. माझा माइक चालू करा."

"आता कशाला ताई? गाडी थांबलीय खाली."

"थांबू दे. करा चालू."

मामांनी बटणांवरून हात फिरवला. तिनं दोन्ही कानांत ते छोटे बोळे घातले, ज्यांतून स्टेजवर आपलं गाणं आपल्याला ऐकू येतं. माइक तोंडाशी धरला.

"हॅलो. मामा, ऐकू येतंय?"

कानात तिला स्वतःचा आवाज नीट आला. थोडा खरखरीत, पण तिचाच. मग तिनं एक बोळा काढला आणि पुन्हा म्हणाली, "हॅलो."

हॉल गप्प. खुर्च्या उचलणाऱ्यांनी मानही वळवली नाही.

"हॉलमध्ये आवाज सोडा ना."

मामा वायरीला पीळ देत राहिले.

"मामा, हॉलमध्ये सोडा म्हटलं."

"तुमच्या माइकचा आवाज हॉलमध्ये जातच नाही ताई."

तिनं माइक टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला, जसं काही त्याला लागेल.

"कधीपासून?"

"ऑपरेशननंतर मॅनेजर म्हणाले, बाईंना घशाला त्रास नको, चार कार्यक्रम रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर काढू. धाकटीनं तुमची ओळ भरून दिली. मग चाराचे आठ झाले, आणि मग…" मामांनी हात उडवले. "कुणी विषयच काढला नाही."

"म्हणजे दोन वर्षं मी माझ्याच कानात गातेय?"

"ते मी केलं," मामा चटकन म्हणाले. त्यात थोडी फुशारकीसुद्धा होती. "मॅनेजर तर म्हणत होते, कानातही ट्रॅकच द्या, काय कळतंय. मी म्हटलं नाही, ताईंना ताईंचाच आवाज द्यायचा. तेवढं माझ्या हातात होतं."

"उपकार झाले तुमचे."

"असं नका बोलू. मला झोप लागत नव्हती पहिले काही दिवस. पण तुमच्या घरच्यांनीच सांगितलं, मग म्हटलं…"

मामा थांबले. पण जीभ घसरून गेली होती.

"काय सांगितलं घरच्यांनी?"

"जाऊ दे ताई."

"मामा, माझ्या डोळ्यांत बघून बोला."

मामांनी वायर खाली टाकली. "पहिल्या कार्यक्रमाला तुमचे मिस्टर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, हा तिचा आवाज नाही. मी खरं ते सांगून टाकलं. मग म्हणाले, तिला कळू देऊ नका."

गाडीत तिघी मागे बसल्या. मधली फोनमध्ये डोकं घालून होती. धाकटी रडायला लागली.

"ताई, शपथ, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. सगळेच म्हणाले, ताईंनीच सांगितलंय."

"घरी सांगितलंस का, तू गातेस म्हणून?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, तोंड तर त्यांचं हलतंय."

एरवी ती हसली असती. तिनं खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. आज त्याची सुट्टी होती. ती घरी आली तेव्हा तो वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होता.

"कसा झाला कार्यक्रम?"

"फार छान. पाठ करून गायले, आणि बायका रडल्या."

"पाठ करून? हे नवीनच काढलंत."

ती समोर बसली. एक शेंग उचलली आणि न सोलता हातात धरून ठेवली.

"तू कितव्या ओळीला ओळखलंस?"

त्याचे हात थांबले. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. तेवढा तो सरळ होता.

"पहिल्याच," तो म्हणाला. "तू भांडी विसळताना गातेस, आंघोळीला गेलीस की गातेस. ते मी रोज ऐकतो. मला कळणार नाही?"

"मग?"

"तू घरी आलीस आणि दारातच म्हणालीस, सूर लागला. तुझं तोंड कसं दिसत होतं ते तुला माहीत नाही. मला नाही जमलं."

"बरं, त्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं."

"आणि तिसऱ्या दिवशी सवय झाली."

त्यानं पुढची शेंग सोलायला घेतली.

"तू कार्यक्रमाला आलास की मी दर वेळी विचारायचे, आज कसं झालं. आणि तू सांगायचास, आज वरचा सूर जरा हलला, आज श्वास पुरला. कुणाचा श्वास मोजत होतास रे तू?"

"तुझ्याकडे बघून सांगायचो. तू दमलेली दिसलीस तर म्हणायचो, हलला."

तिला ओरडायचं होतं. पण ओरडून घसा बसेल अशी जुनी धास्ती आड आली, आणि मग त्या धास्तीचाच तिला राग आला. आता कुणासाठी जपायचा घसा?

"एक खरं सांग," ती म्हणाली. "आता कसा आहे माझा आवाज? घरात गाते तो. बरा आहे की गेला?"

"चांगला आहे," तो लगेच म्हणाला. "खरंच चांगला आहे."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात त्या चेहऱ्यावरची रेषन् रेष तिला पाठ होती. त्यात खोटं काही दिसत नव्हतं. पण दोन वर्षं तरी कुठे दिसलं होतं? तो खरं बोलत असेलही. ते कळायची वाट मात्र त्यानं स्वतःच बुजवून टाकली होती.

"मटार संपवून टाक," ती म्हणाली आणि उठली.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी फोनवर गोड बोलला, मग वैतागला. "ताई, लोक चेहरा बघायला येतात. चेहरा तुमचा, आवाज तिचा, ग्रुप माझा. सगळ्यांचं चाललंय ना नीट? पुढचा कार्यक्रम ठरलेला आहे. तेवढा करा, मग बोलू."

तो कार्यक्रम तिनं केला. पण कानात बोळे घातले नाहीत. त्यामुळे शेवटची ओळ आली तेव्हा तिला ती पहिल्यांदाच लोकांसारखी ऐकू आली. पोरगी सुरेख गायली होती. ती स्वतः जिथे चोरून श्वास घ्यायची तिथला श्वाससुद्धा नक्कल करताना पोरीनं उचलला होता. ऐकताना तिला क्षणभर वाटलं, आपलंच आहे. मग वाटलं, आपलं इतकं चांगलं कधीच नव्हतं.

तिनं तोंड उघडलं नाही. मधोमध, दिव्याच्या झोतात, ओठ मिटून सरळ उभी राहिली आणि ओळ तिच्या डोक्यावरून हॉलभर वाजत राहिली. पुढच्या रांगेतल्या काही लोकांनी फोन खाली केले. कुणीतरी हसलं. मागच्या लोकांच्या टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. ओळ संपल्यावर तिनं नमस्कार केला, माइक धाकटीच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून गेली.

तिला वाटलं होतं, निदान आता पोरीला तिची ओळ मिळेल. पण सगळ्या एकेक घर पुढे सरकल्या, तशाच. मधली मोठी झाली, धाकटी मधली झाली, आणि आता तिच्या आवाजावर नव्या मोठीचे ओठ हलू लागले.

ती घरीच असायची. नवऱ्याशी बोलणं तुटलं नव्हतं. भाजी, बिलं, त्याच्या आईचं औषध, सगळं बोलणं व्हायचं. रात्री तो तिच्या अंगावर पांघरूण ओढायचा आणि ती ते ओढू द्यायची. फक्त तो घरात असला की भांडी मुकाट्यानं विसळली जायची.

एकदा संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. दुकान सुटायला अजून वेळ होता. नकळत ती गायला लागली. ग्रुपचं गाणं नव्हे, असंच काहीतरी, बिनशब्दांचं. आवाज वर गेला, थोडा हलला, सावरला. बरं होतं की वाईट, तिला सांगता आलं नसतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ओळखीची, थोडी ओढलेली. आज तो लवकर आला होता. पावलं दाराशी येऊन थांबली.

किल्ली लागली नाही. ती हातात शर्ट धरून गात राहिली आणि दार उघडायची वाट बघत राहिली. पलीकडे तोही उभाच होता. श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नव्हता.

ती गायची थांबली.

थोड्या वेळानं किल्ली फिरली.