न बसणारा गाळ

प्रयोगशाळेत सगळेच तिला मावशी म्हणत. सख्खी भाची त्यांतली एकच, बाकीचे फुकटचे. काचसामान धुणाऱ्या मावशीला भाचीने एकच मंत्र दिला होता: तळाशी बसेल ते आपलं, वरचं पाणी बादलीत.

पेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट भाचीने तीव्र आम्लात मुरवलं होतं. आता आंबटपणा जाईस्तोवर ते धुवायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वरचं ओतायचं. आधीचे दोन घाणे फसले होते. हाही फसला तर विषय बंद, असं सरांनी भाचीला सुनावलं होतं.

सातव्या धुण्याला आक्रीत घडलं. यंत्रातून काढलेल्या नळ्यांत तोंडापर्यंत नुसतं तपकिरी, खळीसारखं जाड पाणी. सवयीने एक नळी मावशीने बादलीत रिकामी केलीसुद्धा. दुसरी तिरकी करता करता ती थांबली. तळाशी काहीच नाही, मग ओतलं ते काय?

भाची आली तेव्हा मावशी उरलेल्या पाच नळ्या छातीशी धरून उभी होती.

"वाटोळं केलं गं तुझं. बसतच नाही मेलं!"

भाचीने एक नळी उजेडात धरली आणि स्वतःच मटकन फरशीवर बसली.

"मावशे, नाहीच बसणार! आंबटपणा गेला, पाणी थराथरात शिरलं. पापुद्रा न् पापुद्रा सुटलाय, हेच तर हवं होतं."

"जाड केवढा?"

"कार्बनचा एक अणू. दोन्ही अंगांना ऑक्सिजन चिकटलाय, म्हणून पाण्याशी गट्टी."

"गट्टी कसली, पाय ठरेना कार्ट्याचा!"

थोडं काढून भाचीने त्यात क जीवनसत्त्वाची पूड घातली, गरम पाण्यात ठेवलं. दोघी डोळे लावून बसल्या. तासाभरात तपकिरी रंग काळाभोर झाला.

"ऑक्सिजन निघाला. आता यातून वीज वाहील." भाची उठली. "सरांना बोलावते. पण सहावी नळी कुठाय?"

मावशीने बादलीकडे बोट केलं.

भाची हसत सुटली. "अगं, त्यातले पापुद्रे शेजारी शेजारी पसरले असते ना, तर शाळेचं पटांगण झाकलं असतं!"

"आणि ह्या पाचांत?"

"पाच पटांगणं. विषय आता कुणाच्या बापाला बंद करता येत नाही."

भाची सरांकडे पळाली. मावशीने वाकून बघितलं: गढूळ पाणी, वर थोडा फेस. बादली उचलायला तिने हात घातला आणि तसाच मागे घेतला. अख्खं पटांगण एकटीने उचलायचं तरी कसं, हे तिला कळेना.