खिडकी उघडू नका, वैनी

आमचे धाकटे भावजी, सूर्यनारायण, चेन्नईत ऊर्जेचे प्रोफेसर आहेत. माणसाने काय जाळलं, किती जाळलं आणि त्यापायी हवेचं कसं वाटोळं झालं, हा त्यांचा विषय. त्यावर बोलायला ते तिरुचीपर्यंत विमानाने येतात आणि तिथून तंजावूरला एसी गाडीने. असो, मोठी माणसं!

सासऱ्यांच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी इथल्या एका कॉलेजात त्यांचं भाषण होतं. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. लाकडाच्या धुरातले कण केसाहून कितीतरी बारीक असतात, छातीत खोल जाऊन बसतात, जगात कोट्यवधी बायका अजून हा धूर गिळतात, हे सांगताना भावजींचा गळा दाटून आला. मग पडद्यावर फोटो आला. चुलीपुढे वाकलेली एक बाई, पाठमोरी, अंगावर ओलं नऊवारी. खाली लिहिलेलं: ग्रामीण भारत.

अय्यो! ती पाठ माझी होती. दोन वर्षांपूर्वीच्या श्राद्धाला भावजींनीच मागून फोटो काढलेला.

राजवाड्यामागच्या गल्लीत राहते मी, रानात नाही. घरात दोन एसी आहेत, फ्रिज आहे, पुढच्या स्वयंपाकघरात गॅस आहे. पण श्राद्धाचा आणि नैवेद्याचा स्वयंपाक मागच्या कोठडीत, ओल्या सोवळ्याने, सुरूच्या लाकडांवर. तीन श्राद्धं, बारा अमावास्या, चोवीस द्वादश्या, वर नवरात्राचे नऊ दिवस. एकतीस वर्षं केलं हे मी. आता जिना चढले की भात्यासारखी छाती वाजते. डॉक्टर वैद्यनाथ म्हणाले, "अम्मा, पुन्हा चुलीपुढे बसलात तर घरी ऑक्सिजनची नळी लावावी लागेल."

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, श्रीनिवासरावांनी, लगेच तोड काढली. "मग यंदापासून हरिता करेल."

हरिता माझी सून. लग्नाला सहा महिने झाले. मुलगा परगावी नोकरीला; ही ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत जाते, धावत बस पकडते, जिना चढून वर येते आणि तरी हसते. तिची छाती धड आहे. ती तशीच राहावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागितलं असेल तर शपथ!

यांना सांगून माझी जीभ झिजली. उत्तर ठरलेलं, "गॅसवरचं पितरांना पोचत नाही." पितर काय सिलिंडर बघून दारातून परत फिरतात? पण आमचे हे जगात एकाच माणसाचं ऐकतात, धाकट्या भावाचं. म्हणून भाषणाहून आल्यावर मी भावजींना गाठलं. "तुम्ही तिथे जे बोललात ना, त्यातलं एक वाक्य तुमच्या अण्णांना सांगा. एकच. पोर सुटेल."

भावजींनी कॉफीचा टंबळर खाली ठेवला. "वैनी, तो श्रद्धेचा विषय आहे. विज्ञान फक्त मोजतं. घरातल्या गोष्टीत ते पडत नाही."

वा रे विज्ञान! परक्या बायकांसाठी गळा दाटतो आणि घरातलीसाठी घसा बसतो.

सकाळी मोजायला मात्र स्वारी ओल्या पंच्यात, सोवळ्यात हजर. धुरातले कण मोजायचं यंत्र चुलीच्या बाजूला केळीच्या पानावर ठेवलं. यांनी पानावर पाणी शिंपडलं आणि यंत्र शुद्ध झालं. गॅस ओवळा आणि बॅटरी सोवळी! कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते विचारायची सोय नाही.

हरिता ओल्या नऊवारीत चुलीपुढे बसली. मी कोरड्या साडीत उंबऱ्याबाहेर. वडे झाले, पायसम चढलं, आणि लाकडं धुमसायला लागली. कोठडीला एकच खिडकी. मी परसातून जाऊन ती ढकलली, तर आतून भावजी ओरडले, "खिडकी उघडू नका, वैनी! आकडा बिघडेल."

आणि स्वतःच ओढून लावून घेतली. मग पोरगा झाल्यासारखे आनंदाने म्हणाले, "अकराशे चाळीस! दिवसाची मर्यादा साठ आहे, आणि इथे अकराशे चाळीस! फर्स्ट क्लास!" एवढं बोलून तोंडाला पंच्याचं टोक लावून ते दारात येऊन उभे राहिले.

तेवढ्यात हरिता खोकली. कोरडा, तुटका खोकला, मधे श्वास शोधणारा. तो मला पाठ आहे. माझं डोकंच फिरलं. मी आत गेले, तिचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं.

"अत्ते, शिवलात मला!" ती घाबरून म्हणाली. "सोवळं मोडलं!"

"मोडायलाच शिवले," मी म्हटलं.

बाहेर भटजी पानांची वाट बघत होते. पायसम बुडाला लागत होतं. घरात आता सोवळ्यात दोघेच उरले. हे हातात दर्भ घेऊन होमापुढे बसलेले, आणि ओल्या पंच्यातले भावजी.

"बसा," मी म्हटलं. "ढवळत राहा. हात थांबला तर लागेल. तुमच्या बाबांचं पायसम आहे."

"मी? वैनी, मला हे..."

"यंत्राला नाक नाही, तुम्हाला आहे. आता नाकाने मोजा. बसा!"

बसले बिचारे. मी उंबऱ्यावर उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पहिल्या मिनिटाला डोळे पुसले. दुसऱ्याला यंत्र पायाने बाजूला सारलं. तिसऱ्याला "अम्मा गे" म्हणाले. चौथं संपायच्या आत माणूस बाहेर! नाकाडोळ्यांतून पाणी, पंचा सुटत आलेला, खोकून खोकून लालबुंद. ते तसेच होमापाशी गेले.

"अण्णा," ते म्हणाले, "हे बंद करा. माणूस मरेल तिथे. आजपासून गॅस."

हे दर्भ ठेवून उठले. एकतीस वर्षं जे तोंड 'नाही' म्हणत होतं, त्याला भटजींना विचारायचीही गरज वाटली नाही. "बरं, मग गॅस. अग्नी तो अग्नी. त्यात काय एवढं, सूर्या? पाणी पी आधी."

पायसम पुढच्या गॅसवर पुरं झालं. भटजींची पानं उठल्यावर दोघे भाऊ जेवले. दोघांनी दोनदा मागून घेतलं. हरिता वाढत होती, तिचे डोळे अजून लाल होते.

हात धुताना हे माझ्याकडे वळले. खरंच कळवळ्याने वळले, खोटं नाही बोलणार. म्हणाले, "भामा, एवढा त्रास होत होता, तर आधी नाही का सांगायचं?"

मला खूप बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, पण नुसता खोकला आला. थांबेचना. शेवटी हरितानेच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना म्हणाली, "सांगितलं होतं त्यांनी."