शेलवण्याची उघाडी

बुधवारी सकाळी सहा वाजता मथुराने उघाडीची पहिली फळी उपसली, तेव्हा बांधावर वीस-बावीस माणसं उभी होती.

शेलवण्याची खाडी लांबीला जेमतेम साडेतीन मैल. समुद्राकडून सरळ आत येते, कातळाला एक वळसा घालते आणि गावाखाली अरुंद होते. पूर्वी ती देवळापर्यंत जायची. कौलं भरून मचवे जिथे लागत, त्या जागेला अजून मचवेवाट म्हणतात. आता तिथे भात पिकतं. पंचाऐंशी वर्षांपूर्वी गावाने दगड-चिखलाचा बांध घालून खारं पाणी अडवलं आणि आत चाळीस एकर शेत काढलं. पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात दोन तोंडांची उघाडी ठेवली. तिची लाकडी दारं आपली आपण चालत. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जाई, भरतीला बाहेरचं पाणी तेच दार मिटवी.

रविवारच्या पुरात वाहत आलेला ओंडका आदळला आणि एक दार बिजागऱ्यांसकट गेलं. मथुराने त्या तोंडाच्या खाचांत सात फळ्या टाकून ते बंद केलं. उरलेल्या एका दाराला तीन दिवसांचा पाऊस आवरेना. नुकतीच लावणी झालेलं भात पाण्याखाली गेलं. आज पाणी उतरलं नाही तर उद्या ते कुजणार, आणि दुसरं रोप गावात कोणाकडेच नव्हतं. म्हणून ओहोटी आहे तोवर फळ्या काढायच्या आणि भरतीआधी परत टाकायच्या. टाकायला उशीर झाला तर खाडी आत येणार. जमीन एकदा खारावली की दोन-तीन पावसाळे तिथे भात नाही.

फळ्या कधी टाकायच्या हे मथुराने सांगायचं होतं. नवरा रघू होता तोवर उघाडी तो बघायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती बघत होती.

"आज तृतीया," ती म्हणाली. "तिथीची पाऊणपट केली की सव्वादोन, तेव्हा बंदरावर भरती पुरी. वळशामुळे आपल्याकडे दीड तास उशिरा. म्हणजे पाणी बाराच्या आत उघाडीला टेकत नाही. बारा वाजता फळ्या टाकायच्या."

"काकी, साडेदहाला टाकूया," दर्शन म्हणाला. तो दोन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून बापाची शेती करायला आला होता. "मोबाइलवर बघितलं मी. सव्वाआठनंतर पाणी चढायला लागतंय, साडेदहापर्यंत उघाडीला टेकेल."

"तुझा मोबाइल बंदराचं पाणी सांगतो. आपलं पाणी वळशावर बसून बिडी ओढतं, मग येतं."

"मुंबईत राहिलाय तो," हरिश्चंद्र म्हणाला. तो रघूचा थोरला चुलतभाऊ. "पाणी येतं ते नळाच्या वेळापत्रकाने, असं वाटतंय त्याला."

माणसं हसली. त्या हसण्यात सुटका जास्त होती. दीड तास जादा म्हणजे चार बोटं पाणी कमी, हे सगळ्यांना कळत होतं. दर्शन बांधावरून हलला नाही.

दहा वाजता शेतांच्या मेरा, मधले छोटे बांध, दिसायला लागल्या. सव्वादहाला भाताचे शेंडे वर आले आणि कोणीतरी चहाची किटली आणली. मथुराने चहा घेतला नाही. ती उघाडीच्या माथ्यावर बसून बाहेरच्या पाण्याकडे बघत होती. आतून जाणारा गवताचा काडीकचरा सकाळपासून कांदळवनापर्यंत धावत होता. आता तो मध्येच घुटमळत होता. पाऊस थांबला म्हणून आतला जोर कमी झाला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग एक काडी थांबली, अर्धी फिरली आणि उघाडीकडे परत यायला लागली.

मथुराने घड्याळ बघितलं. दहा चाळीस.

रघू सांगायचा, पाणी उशिरा येतं ते नुसत्या वळशाने नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा पडलाय, त्याच्यावरून चढून यावं लागतं त्याला. तो दांडा गेल्या चार वर्षांत पंप लावून उपसला गेला होता. वाळूचे ट्रक याच बांधाशेजारच्या रस्त्याने गेले होते. तिने ते मोजले नव्हते, पण बघितले होते. दारं आपोआप मिटत होती, म्हणून या चार वर्षांत वेळ बघायची पाळी कोणावरच आली नव्हती.

"फळ्या टाका!" ती ओरडली. "दर्शन, खाली उतर!"

"अगो, अजून सव्वा तास हाय," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाय, भावोजी. पाणी फिरलं."

दर्शन पायऱ्यांवरून कमरेपर्यंत पाण्यात उतरला. पहिल्या तीन फळ्या बसल्या. चौथी तिरकी झाली. बाहेरचं पाणी आता सरळ आत घुसत होतं आणि फळीला खाचेतून उचलत होतं.

"काकी, बसत नाय!"

"डावीकडे दाब! पाय आत घालू नकोस, मेल्या, तुटेल!"

तिने घण घेतला आणि माथ्यावर पालथी पडून फळीच्या उजव्या टोकावर मारला. दोन घाव चुकले. तिसऱ्याला फळी करकरत खाली गेली. पाचवी, सहावी. सातवीला हरिश्चंद्रही उतरला. तिघांनी मिळून ती रेटली आणि वरून चिखलाची पोती टाकली. अकराला चार मिनिटं होती.

पंधरा मिनिटं खाडी आत आली होती. ते पाणी उघाडीपाशी चरात साचलं होतं आणि हळूहळू शेतांकडे सरकत होतं. चराला लागून भाताचा पहिला तुकडा, पहिला कुणगा, मथुराचा, सगळ्यांत सखल. तिने फावडं उचललं आणि त्याची मेर तोडायला घेतली.

"वेडी झालीस?" हरिश्चंद्र धापा टाकत म्हणाला. "तुझा कुणगा हाय तो!"

"म्हणूनच तोडतेय. तुमचा तोडला असता तर शिव्या घातल्या असत्यात."

"काकी, दांडा आपण नाय उपसला," दर्शन म्हणाला.

"बारा मी म्हटलं."

 तो दुसरं फावडं घेऊन चराच्या पुढच्या तोंडाला चिखल लावायला लागला. पाणी वळलं. तिच्या भाताच्या शेंड्यांवरून ते गढूळ, फेसाळ पसरलं आणि मेरेला टेकून थांबलं.

पाणी वेळेत वळलं की नाही, हे बघायचा एकच उपाय होता. मथुरा दुसऱ्या कुणग्यात उतरली, ओंजळ भरली, जिभेला लावून थुंकली.

"मचूळ."

तो दर्शनचा कुणगा. त्याने नुसती मान हलवली.

तिसरा हरिश्चंद्राचा. तो मेरेवर उभा राहिला, पण उतरायला धजेना. मथुराच उतरली. तिने पाणी तोंडात घेतलं, बराच वेळ धरलं आणि गिळलं.

"गोडं," ती म्हणाली आणि चौथ्याच्या मेरेकडे चालायला लागली.