माझ्याच पोटात पडलेली पत्रं

बोलायला जरा उशीरच झाला, पण बोलतो. मी या घरातला सर्व्हर. जिन्याखालच्या कपाटात, चपलांच्या शेजारी माझा मुक्काम. पूर्वी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचो. पुढे अडगळीत पडलो. तिथून चष्म्याच्या काचा घासणाऱ्या मालकांनी मला उचललं, धूळ झटकली आणि माझ्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली.

मालकीणबाई कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा शिकवतात. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन त्यांच्या जुन्या खुणांचे व्हिडिओ त्यांनी नऊ वर्षं जमवले. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. त्यांचे हात तेवढे माझ्यापाशी राहिले. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती, आणि हे मला मुळीच आवडत नव्हतं.

एके सकाळी माझी डिस्क कुरकुरायला लागली. मी लगेच पत्र लिहिलं, ‘डिस्क खराब होते आहे, प्रत काढा.’ पण आमची पत्रं बाहेर जायची सोय कुणीतरी करावी लागते. नाहीतर ती आमच्याच पोटातल्या एका पेटीत पडून राहतात. मी रोज लिहायचो आणि ते रोज तिथेच पडायचं.

मालकांना ही सोय करायचीच होती. पण साधं काही करतील तर ते मालक कसले! त्यांना घरात ईमेलचं स्वतःचं अख्खं पोस्ट ऑफिस हवं होतं. दोन महिने खपून त्यांनी ते उभारलं, तर बाहेरच्या मोठ्या ईमेलवाल्यांनी आमचं पहिलंच पत्र दारातून परत पाठवलं. घरगुती इंटरनेटवरून थेट आलेल्या पत्रावर त्यांचा भरवसा नसतो. मालक पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले.

एका दुपारी चपला घालता घालता बाईंनी विचारलं, “अहो, त्याला पाठवायचंय तरी काय?”

“काही बिघडलं तर चार ओळी.”

“आणि त्याला उत्तरं येणार आहेत?”

“छे, कोण देणार?”

“मग पोस्ट ऑफिस कशाला उघडताय? आपल्याच ईमेलमधून जाऊ देत की त्याची पत्रं.”

मालकांनी एक छोटासा प्रोग्राम बसवला आणि त्याला घरच्या ईमेलचा पत्ता, पासवर्ड दिला. वीस मिनिटांत चाचणीचं पत्र बाईंच्या फोनवर पोचलं. मालक खूश झाले आणि सहज म्हणून माझी जुनी पेटी उघडून बसले. आत एकसष्ट पत्रं होती. पहिलंच वाचून त्यांचा चेहरा उतरला.

त्याच दुपारी नवी डिस्क आणून त्यांनी तिच्यावर प्रत काढली. अकरा खुणा सोडून सगळं हाती लागलं.

“माझंच चुकलं,” मालक म्हणाले. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मालकांना जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून बाईंनी त्या हरवलेल्या खुणा आठवून आठवून स्वतः केल्या. ते व्हिडिओही माझ्याकडेच आले, या नव्या डिस्कवर.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यासाठी फार थाटमाट करू नका. त्याचं पत्र तुमच्या हाती पडेल एवढं बघा, आणि आजच बघा.

दहा खुणा बाईंना आठवल्या. अकराव्या व्हिडिओत त्या दोन्ही हात वर उचलतात आणि तशाच बसून राहतात. तो पुसायला त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.