कुत्र्यांच्या गाडीतली पुढची जागा

फोन आला तेव्हा कुत्रेवाली पिंजरे धूत होती. तिला सगळे कुत्रेवालीच म्हणत आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. भटकी कुत्री पकडून आणायची, नसबंदी झाली, लस टोचली की होती तिथे परत सोडायची, हे काम करणारीला लोकांनी काय गुलाबवाली म्हणायचं?

फोन गाडीच्या ड्रायव्हरमामांनी घेतला. पलीकडून नसबंदी केंद्राच्या पशुवैद्य मॅडम बोलत होत्या. मामांचा चेहरा उतरला.

"मंगळवारचा तो गप्प कुत्रा गं. मेल्यावर तपासला, तर रेबीजच निघाला. मॅडम म्हणतात, ज्याला ज्याला त्याची लाळ लागली असेल त्याने ताबडतोब दवाखाना गाठावा."

कुत्रेवालीला तो लख्ख आठवला. तो कुत्रा ना भुंकला होता, ना कुणाच्या अंगावर धावला होता. जबडा लोंबत होता आणि तोंडातून लाळेची धार लागली होती. सगळ्यांना वाटलं, घशात हाड अडकलंय बिचाऱ्याच्या. तिने तर चांगला टॉर्च मारून आत बघितलं होतं. तेव्हा हातमोज्याच्या वर, मनगटाला त्याचा दात घासला होता. आता तिथे बारीकशी खपली होती.

"आपल्याला कसलं भय?" मामा म्हणाले. "कामावर घेतानाच आपल्याला लशी टोचल्यात. बाहेरच्यांनी घाबरायचं."

"तेच की," ती म्हणाली आणि खपलीवरून अंगठा फिरवून तिने पुन्हा पाइप उचलला. आणि उचलला तसाच हातातून सोडून दिला. पाणी भलतीकडेच धावलं.

"मामा, जाळं!"

केंद्राचा नियम साधा होता. वापरलेलं जाळं आधी ब्लीचच्या टबात बुडवायचं, मग कडकडीत उन्हात वाळवायचं आणि मगच दुरुस्तीला द्यायचं. पण मंगळवारी कुत्र्याला ओढताना जाळं कुंपणाच्या तारेत अडकून टरकन फाटलं. दुसरं आधीच फाटलेलं होतं आणि सकाळी मोठी मोहीम होती. म्हणून हिने ते लाळेने भिजलेलं जाळं तसंच पोत्यात कोंबलं आणि घरी नेलं. कारण घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी उभी हयात खेळाच्या मैदानांची जाळी विणण्यात घालवली होती. फाटकं जाळं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी ते ओलंकच्च जाळं मांडीवर घेतलं, दाभण काढलं आणि तासाभरात असं सांधलं की फाटलं कुठे होतं ते सांगून पटलं नसतं. फक्त एकदा गाठ आवळताना नायलॉनची दोरी बोटात रुतली होती. "बघ, दोरीसुद्धा म्हातारीशी भांडते," असं म्हणत त्यांनी बोट पदराला पुसलं होतं. कुत्रेवाली तेव्हा समोर बसून चहा पीत होती आणि हसली होती. ते हसू आता तिला आठवलं आणि आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आपल्या हाताने आणलं मी ते घरात, पोत्यात घालून आणलं! नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता. जाताना म्हणाला होता, आईकडे लक्ष ठेव.

ती धावतच घरी पोहोचली. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"आई, उठा. बोट दाखवा."

बोटावर लाल चीर होती. तिने त्यांना ओढत नळापाशी नेलं आणि साबण लावून ते बोट धुवायला घेतलं. धुतलं, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतलं. सासूबाई ओरडायला लागल्या, "अगं, बोट आहे की पातेलं? किती घासशील?" तिने पाव तास काही नळ सोडला नाही. धुता धुता सगळं सांगितलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बोट पदराला पुसलं.

"मी काही यायची नाही. कुत्रा मला चावला का? मी तर त्याचं शेपूटसुद्धा बघितलं नाही. उगाच काट्याचा नायटा करू नकोस."

"आई, दातच लागायला हवा असं नाही. ओल्या जाळ्यात त्याची लाळ होती आणि तुमचं बोट कापलेलं होतं. तेवढं पुरतं."

"तीन दिवस झाले. झालं का मला काही?"

"काही व्हायच्या आत जायचं असतं!" तिचा आवाज चिरकला. "हा आजार एकदा दिसायला लागला ना, की डॉक्टरसुद्धा हात टेकतात. माणूस वाचत नाही आई. लशीची वेळ त्याच्या आधीची आहे. ती आत्ता आहे."

सासूबाईंनी बोट पदरात लपवलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोटात चौदा टोचतात. माझ्या भावाला टोचली होती लहानपणी. चार जणांनी धरलं होतं त्याला. त्याचं ओरडणं अजून कानात आहे माझ्या."

असं होतं तर! एवढी खमकी बाई, पण धास्ती होती ती सुईची.

"ते फार जुनं झालं, आई. आता दंडावर देतात. महिनाभरात चार-पाच, बस."

"उद्या बघू," सासूबाई म्हणाल्या आणि सरळ मोरीत जाऊन त्यांनी आतून कडी लावली.

आता दुसरी कुणी असती तर दार बडवत बसली असती. पण हिचं कामच मुळी अडलेल्या जीवाला बाहेर काढायचं. कोपऱ्यात शिरलेल्या कुत्र्याच्या मागे धावायचं नसतं, ओरडायचंही नसतं. बाकीच्या वाटा बंद करायच्या, एकच मोकळी ठेवायची आणि पाठ करून बसायचं. तिने मागचं दार लावून घेतलं. सासूबाईंच्या चपला पुढच्या उंबऱ्यावर नीट मांडल्या. मग मामांना फोन लावला आणि मोरीपर्यंत स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, गाडी दारात आणा. हो, तीच, पिंजऱ्यांची. आईंना न्यायचंय. भोंगा वाजवत या, लोक बाजूला होतील."

कडी धाडकन निघाली.

"कुत्र्यांच्या गाडीतून? मी? अख्ख्या गल्लीदेखत? मेले तरी त्या गाडीत पाय ठेवायची नाही!"

"मग चालत चला. चपला तिथे आहेत."

सासूबाईंनी तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघितलं, चपला घातल्या आणि तरातरा पुढे चालू लागल्या. कुत्रेवाली मागून चालत होती. 

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ. "धोका कमी असेलही," तो म्हणाला, "पण या आजाराशी घासाघीस करायची नसते. आजींनी आधी कधी लस घेतलेली नाही ना? मग त्यांना दोन गोष्टी द्याव्या लागतील. दंडावर लस. पण लशीतून ताकद यायला थोडे दिवस लागतात, तोवर राखण कोण करणार? म्हणून तयार ताकदीचं दुसरं इंजेक्शन. ते जखमेतच द्यायचं, बोटात. दुखेल."

दुखलंच. सासूबाईंनी सुनेचा हात इतका आवळला की तिची बोटं पांढरी पडली. ओरडल्या मात्र नाहीत. झालं तेव्हा डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या भावाला सांगायला हवं होतं, मी नाही ओरडले." तो भाऊ जाऊनही बरीच वर्षं झाली होती. कुत्रेवालीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

आवळलेला हात सोडता सोडता सासूबाई थांबल्या. मनगट उलटं करून त्यांनी बघितलं.

"डॉक्टर, हे काय आहे बघा."

"काही नाही हो आई. दात घासला त्या दिवशी. माझ्या लशी आधीच झाल्यात."

डॉक्टरने चष्म्यावरून बघितलं. "त्याच कुत्र्याचा? आणि तू स्वतःबद्दल अजून काहीच बोलली नाहीस?"

"मी लस घेतलेली आहे ना."

"म्हणून तुला बोटात टोचून घ्यावं लागणार नाही. एवढीच सूट. शरीराला ओळख आहे, पण आठवण करून द्यावी लागते. आज एक घ्यायची आणि तीन दिवसांनी दुसरी. आधी घेतलेल्या लशीवर विसंबून गप्प बसायचं नसतं. आणि तुमच्या गाडीवाल्यांनाही हे सांग."

कुत्रेवालीचं तोंड एवढंसं झालं.  सासूबाई स्टुलावरून उठल्या आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या डोसच्या दिवशी केंद्रात सकाळपासून ऑपरेशनांची रांग लागली होती. कुत्रेवालीने घरी फोन केला. "आई, तुम्ही शेजारच्या काकूंबरोबर जाऊन या. तुमचा चुकवू नका हं. माझं उद्या बघते."

पलीकडून खटकन फोन ठेवला गेला.

दुपारी फाटकाशी भोंगा वाजला. मामा बऱ्या झालेल्या कुत्र्यांना त्यांच्या गल्लीत सोडायला गेले होते, ते परत आले असतील म्हणून तिने फाटक उघडलं. मामा खाली उतरून कान खाजवत उभे राहिले. "रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या गं. मी काय करू?"

पुढच्या सीटवर, अख्ख्या गावाला दिसेल अशा, ताठ मानेने सासूबाई बसल्या होत्या. बोटाला पट्टी, मांडीवर पिशवी. गाडीला कुत्र्यांचा वास येत होता आणि त्यांनी नाकाला पदरसुद्धा लावला नव्हता.

"आई, तुम्ही? या गाडीत?"

"उद्या बघते म्हणालीस ना? मीसुद्धा तेच म्हणाले होते. मला सोडलंस का तू?"  त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "पोर लांब आहे माझं. घरात आपण दोघीच. तुला काही झालं तर मी कुणाशी भांडू?"

कुत्रेवाली हातमोजे काढत तशीच उभी राहिली. मागे केंद्रात कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"बघतेस काय? पुढे जागा नाही," सासूबाई म्हणाल्या. "मागे बस, पिंजऱ्यात."

ती मागे चढली आणि मामांनी बाहेरून कडी लावली.